घाम इथला, वही तिथली

मी म्हैसूरला स्थायिक झालो, त्यानंतर वर्षभराने बेळगावचे मामा पहिल्यांदा घरी आले. राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन बाग, सगळं यथासांग दाखवून झालं. परतायच्या आदल्या दिवशी मेटगळ्ळीच्या बाजूने येताना मी सहज म्हटलं, "इथे रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापतात." मामा खुशीत हसले. "मग तुम्हा म्हैसूरकरांना काय कमी? संपल्या की पिशवी घेऊन जायचं!" मामांचं सगळं आयुष्य एका बँकेत खतावण्या लिहिण्यात गेलेलं. थोडं पुढे गेल्यावर तेच म्हणाले, "अरे, नोट म्हणजे नुसती पावती. ती कुठे छापतात ते सोड. वही कुठे ठेवली आहे ते विचार."

या पुस्तकाची सुरुवात त्या वाक्यापासून झाली. म्हैसूरचा नोटांचा छापखाना १९९६ साली सुरू झाला. नाशिकरोडचा त्याहून कितीतरी जुना, १९२८चा. आता नोटेचा कागदही म्हैसुरात तयार होतो आणि शाईही. म्हणजे पैशाचं शरीर इथे घडतं. त्याचं मोल मात्र इथे ठरत नाही. व्याजाचा दर मुंबईत ठरतो, डॉलरचा भाव जगभरच्या व्यवहारांतून, शेजारच्या कोडगूतल्या कॉफीचा दर लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये. घाम गाळायची जागा एक आणि वही लिहायची जागा दुसरी. या दोन जागांमधलं अंतर गावांचं नशीब कसं घडवतं आणि मोडतं, हे म्हैसूर आणि जुन्या म्हैसूर संस्थानाच्या उदाहरणावरून पाहावं, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

शाळेत आपण आर्थिक भूगोल शिकलो तो जमीन, पाऊस, खनिजं आणि बंदरांचा. कापूस कुठे होतो? काळ्या जमिनीत. गिरण्या कुठे? दमट हवेच्या मुंबईत. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. खानदेश-वऱ्हाडची काळी जमीन हजारो वर्षं तिथेच होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचे भाव भडकले, आणि चारच वर्षांत मुंबईत इतका पैसा आला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला. १८६५ साली युद्ध संपलं आणि तो डोलारा कोसळला. जमीन, पाऊस आणि समुद्र यांत काहीही बदललं नव्हतं. बदलला होता तो दूरवरच्या बाजारातला एक आकडा.

वित्तबाजार म्हटलं की डोळ्यांसमोर शेअर बाजाराची इमारत आणि तिच्यावर सरकणारे आकडे येतात. या पुस्तकात त्याचा अर्थ अधिक रुंद आहे. कर्ज, रोखे, शेअर, वायदे आणि चलनाचा विनिमय या सगळ्यांत एकच क्रिया चालते: उद्या येणाऱ्या उत्पन्नाची किंमत आज ठरवणं. ज्या जागेचा 'उद्या' बाजाराला पटतो तिथे आज रेल्वे येते, खाण खोदली जाते, कारखाना उभा राहतो. ज्या जागेचा 'उद्या' पटत नाही ती नकाशावर असूनही दिसत नाही. आणि पटलेला 'उद्या' एक दिवस बाजाराच्या मनातून उतरतो, तेव्हा त्या गावाने काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

पहिली गोष्ट रेल्वेची. १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थान पार खचलं होतं. पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर २५ मार्च १८८१ रोजी चामराजेंद्र वडियार यांच्या हाती राज्य परत आलं, तेव्हा त्यासोबत सुमारे ऐंशी लाख रुपयांचं कर्जही आलं. दुष्काळात अन्न पोचवायला रस्ते अपुरे पडले, हा धडा ताजा होता. रेल्वे हवीच होती. बंगळूर-म्हैसूर मार्ग संस्थानाने उभा केला, पण पुढचं जाळं वाढवायला तिजोरीत पैसा नव्हता. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात, १८८६ साली, तयार झालेली रेल्वे तारण ठेवून सुमारे बारा लाख पौंडांचं कर्ज लंडनच्या बाजारातून उभं करण्यात आलं. मध्यस्थ कंपनीचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल: सदर्न मराठा रेल्वे. नाव मराठ्यांचं, मुख्य कचेरी धारवाडला, आणि संचालक मंडळ लंडनमध्ये.

माझे आजोबा याच रेल्वेच्या हुबळी वर्कशॉपात फिटर होते. तोवर ती मद्रासच्या कंपनीत विलीन होऊन 'एमेसेम' झाली होती. घरात कंपनीचं नाव देवासारखं घेतलं जाई. कंपनीचे मालक कोण, हे मात्र आजोबांनी कधी पाहिलं नाही. ते ससेक्स किंवा स्कॉटलंडमध्ये दर सहामाहीला व्याज घेणारे लोक होते. त्या व्याजाची एक गंमत होती, आणि ती संस्थानाला महागात पडणारी होती. महसूल रुपयांत गोळा होई, देणं पौंडांत. रुपया चांदीचा आणि चांदीचा भाव जगभर घसरत चाललेला. १८७०च्या आसपास दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९०च्या दशकाच्या मध्यावर सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. शेतकऱ्याने तेवढाच शेतसारा भरला, गाडीने तेवढेच प्रवासी नेले, तरी देणं वाढतच राहिलं. रुपयाच्या या आजाराची चिकित्सा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधात केली. तो ग्रंथ चलनशास्त्राचा म्हणून आपण कपाटात ठेवतो. माझ्या मते तो भूगोलाच्या वर्गातही शिकवला पाहिजे.

त्या काळच्या हिशेबाची आणखी एक खूण माझ्या लहानपणापर्यंत टिकून होती. रूळ टाकायचा खर्च वाचावा म्हणून दक्षिण महाराष्ट्रात आणि म्हैसुरात अरुंद मीटरगेज मार्ग घालण्यात आले. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली रुंद झाला, पुढचा तसाच राहिला. बेळगावहून पुण्याला जाताना मिरजेला होल्डॉल, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि झोपेतली भावंडं घेऊन आमची वरात एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायची. हमालांची, चहावाल्यांची, माल उतरवून पुन्हा चढवणाऱ्यांची एक अख्खी वसाहत त्या स्टेशनाभोवती पोसली गेली होती. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खर्चाचा आणि व्याजाचा मेळ घालताना रुळांतलं अंतर कमी केलं, आणि त्यातून मिरजेचं ते महत्त्व जन्माला आलं. गेज बदललं तसं ते ओसरलं.

दुसरी गोष्ट सोन्याची, म्हणजे कोलारची. कोलारच्या टेकड्यांत सोनं आहे हे गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. १८७०च्या दशकात मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने संस्थानाकडून खोदायचा परवाना मिळवला, पण त्याच्याकडे भांडवल नव्हतं. १८८०पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने सूत्रं घेतली आणि शेअर विकून पैसा उभा राहिला. पहिली काही वर्षं हाती काहीच लागेना. भागधारक वैतागले, भांडवल आटत आलं. उरलेल्या पैशात आणखी खोल जाऊन बघू, असा शेवटचा डाव भागधारकांच्या बैठकीत टाकला गेला आणि सोन्याची मुख्य शीर सापडली. लंडनमधल्या त्या बैठकीत मत उलटं पडलं असतं तर केजीएफ, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, हे गाव झालंच नसतं. सोनं जमिनीत होतंच. गाव मात्र भागधारकांच्या होकाराने वसलं.

मग तिथे तमिळ मुलखातून हजारो मजूर आले, इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले आणि क्लब आले, 'लिटल इंग्लंड' असं नाव पडलं. चॅम्पियन रीफ खाण पुढे तीन किलोमीटरांहून खोल गेली. पण त्याच्या कितीतरी आधीच, खोली वाढत चालली तसा पंप आणि हवा चालवायला कोळसा परवडेना. तेव्हा शेषाद्री अय्यर यांच्या सरकारने कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीज निर्माण करायचं ठरवलं. पैसा संस्थानाचा होता. यंत्रं जनरल इलेक्ट्रिकची, आखणी कॅप्टन द लॉटबिनिएर या अभियंत्याची. मात्र काम सुरू करण्याआधी खाण कंपन्यांकडून वीज विकत घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार लिहून घेतला होता. आजच्या भाषेत गिऱ्हाईक आधी बांधून घेतलं आणि मग प्रकल्प. ३० जून १९०२ रोजी सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांतून वीज कोलारला पोचली. एवढी लांब वीजवाहिनी तेव्हा जगातही क्वचितच होती. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते १९०५ साली, राजधानी म्हैसूरला त्यानंतर. राजाच्या दारात वीज पोचण्याआधी ती खाणीत पोचली, कारण खाणीचा 'उद्या' लंडनच्या वहीत नोंदवलेला होता.

खाण आणि वीज, या दोन गोष्टींचा शेवट एकत्र पाहिला पाहिजे. खाणी १९५६ साली म्हैसूर सरकारने ताब्यात घेतल्या, १९६२ साली केंद्राकडे गेल्या, १९७२ साली भारत गोल्ड माइन्स झाली, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी टाळं लागलं. एकशेवीस वर्षांत सुमारे आठशे टन सोनं निघालं. मी तिथे गेलो तेव्हा मला दिसले ते सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर. वारा सुटला की ती माती घरात येते. तिथले तरुण पहाटेच्या गाडीत बसून बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. सोन्याचं गाव आता झोपायचं गाव झालं आहे. शिवनसमुद्रची वीज मात्र खाणीपुरती राहिली नाही. तीच बंगळूर आणि म्हैसूरच्या गिरण्यांत, पिठाच्या चक्क्यांत, शाळांत पोचली. एकाच कराराची ही दोन टोकं. एका टोकाची मालकी लंडनची होती, दुसऱ्याची संस्थानाची. पैसा उठून गेल्यावर मागे काय राहतं, हे पाहायचं तर याहून स्वच्छ उदाहरण मला मिळालेलं नाही.

तिसरी गोष्ट आपली स्वतःची वही मांडण्याची आहे. इथे मराठी वाचकाला ओळखीची माणसं भेटतील. म्हैसूरच्या मुख्य बाजाररस्त्याचं नाव सयाजीराव रोड आहे, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांवरून. त्यांच्याच आश्रयाने २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली होती. पुढच्या वर्षी म्हैसूरचे दिवाण झालेले टी. आनंदराव हे राजा सर टी. माधवरावांचे चिरंजीव, म्हणजे तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांच्यानंतर १९१२ साली दिवाण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियंता झाले होते. नाशिक, धुळे, पुणे अशी मुंबई इलाख्यातली नोकरी त्यांनी केली आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. न्यायमूर्ती रानड्यांनी देशातल्या पतपुरवठ्याची नवी घडी बसवावी असा आग्रह १८९०च्या दशकात धरला, तो याच पुण्यात. शेतकरी सावकाराच्या तावडीत, उद्योग परक्या भांडवलाच्या दारात आणि लोकांची शिल्लक मडक्यात पुरलेली, हे कोडं विश्वेश्वरय्यांनी दख्खनमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून बँक ऑफ म्हैसूर उघडली, २ ऑक्टोबर १९१३ रोजी. मुहूर्त याहून वाईट असू शकला नसता. सप्टेंबरमध्ये लाहोरची पीपल्स बँक बुडाली होती आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईची इंडियन स्पीसी बँक चांदीच्या व्यवहारांत अडकून कोसळली. देशी बँकांपुढे ठेवी काढून घेणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. म्हैसूरची बँक तगली, कारण तिच्या पाठीशी राज्य उभं होतं आणि तिचे कर्जदार हाकेच्या अंतरावरचे होते. १९६० साली ती स्टेट बँकेची उपबँक झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. फलक उतरवला त्या आठवड्यात सयाजीराव रोडवरचा एक जुना कापडदुकानदार मला म्हणाला होता, "पूर्वी मॅनेजर दुकानात येऊन माल बघायचा, आता अर्ज मुंबईला जातो." त्याच्या तक्रारीत आठवणींचा गोडवा थोडा मिसळलेला असेल. पण वही किती लांब गेली हे त्याला नेमकं कळलं होतं.

चंदनाची कथा याच काळातली. म्हैसूरच्या जंगलातलं चंदन सरकारी लिलावात विकलं जाई आणि बहुतेक जर्मनीत जाऊन तिथे त्याचं तेल निघे. लाकूड आमचं, अत्तर त्यांचं. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं, जर्मन गिऱ्हाईक नाहीसं झालं आणि वखारीत चंदन पडून राहिलं. उद्योगखात्याचे आल्फ्रेड चॅटर्टन आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतले सडबरो व वॉटसन हे प्राध्यापक यांच्या मदतीने संस्थानाने १९१६ साली बंगळूरला आणि पुढच्या वर्षी म्हैसूरला तेल काढायचे कारखाने काढले. म्हैसूर सँडल साबण त्यापाठोपाठ आला. दूरचा बाजार बंद पडला म्हणून जवळचा कारखाना उघडला, असं हे प्रकरण आहे. म्हणून बाजाराशी जोडलं जाणं नेहमी चांगलं किंवा नेहमी वाईट, असं सरसकट विधान या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. जोड तुटल्यावर हातात कच्चा माल, कसब आणि थोडं स्वतःचं भांडवल असेल तरच तुटणं पथ्यावर पडतं. केजीएफकडे यातलं फक्त कसब होतं.

चौथी गोष्ट अजून रोज घडते. म्हैसूरहून हुणसूरमार्गे पश्चिमेला निघालं की तंबाखूच्या भट्ट्या लागतात आणि पुढे कोडगूचे, म्हणजे आपल्या जुन्या कूर्गचे, कॉफीचे मळे. कित्येक वर्षं कॉफी बोर्ड सगळी कॉफी गोळा करून लिलाव करी आणि मळेवाल्याला हप्त्याहप्त्याने पैसे देई. तो पैसा उशिरा येई, पण धक्के बोर्ड सोसे. जुलै १९८९ मध्ये कॉफीची आंतरराष्ट्रीय कोटापद्धत मोडली, भाव गडगडले. १९९४ साली ब्राझीलमध्ये हिमतुषार पडले, भाव गगनाला भिडले. १९९६पर्यंत बोर्डाची मक्तेदारी पूर्ण संपली आणि मळेवाला थेट जगाच्या बाजारासमोर उभा राहिला. आता कोडगूचा शेतकरी पावसाइतक्याच काळजीने 'टर्मिनल' बघतो. रोबस्टाचा भाव लंडनच्या वायदेबाजारात, अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या. २०२४ साली व्हिएतनाममध्ये पाणी कमी पडलं आणि लंडनला रोबस्टाने विक्रम केला. इकडे मडिकेरीत पन्नास किलोच्या बॅगेचा भाव लोक एकमेकांना थक्क होऊन सांगत होते. अशा वर्षी म्हैसूरच्या नव्या वसाहतींत प्लॉटची चौकशी वाढते, कारण कोडगूच्या अनेक कुटुंबांना मुलांच्या शिक्षणासाठी आणि म्हातारपणासाठी म्हैसुरात घर हवं असतं. २००१-०२च्या पडत्या भावात याच मळ्यांतले मजूर काम शोधत बाहेर पडले होते. व्हिएतनामचा दुष्काळ आणि म्हैसूरच्या प्लॉटचा भाव, यांना जोडणारा धागा कोणत्याही भिंतीवरच्या नकाशात दिसत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत चकचकीत आहे आणि तिची सुरुवात पुण्यात होते. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात स्थापन झाली, १९८३ साली बंगळूरला गेली. नारायण मूर्तींचं अभियांत्रिकीचं शिक्षण म्हैसूरचं. १९९२पर्यंत कुठल्या कंपनीने शेअर किती किमतीला विकायचा हे दिल्लीतलं एक सरकारी कार्यालय ठरवत असे. ते त्या वर्षी बंद झालं आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसने ९५ रुपयांना शेअर विक्रीस काढला. लोकांनी तो पुरता उचललाही नाही. मॉर्गन स्टॅनलीने मोठा वाटा घेतला म्हणून विक्री पार पडली. कारखाना नाही, यंत्रं नाहीत, तारण ठेवायला जमीन नाही, अशा कंपनीला कर्ज कोण देणार? बँकेची वही मालमत्ता विचारते. शेअर बाजाराची वही 'उद्या' विचारते. ११ मार्च १९९९ रोजी कंपनी न्यूयॉर्कच्या नॅसडॅकवर गेली. भारतात नोंदलेली कंपनी तिथे जाण्याची ही पहिलीच वेळ. ३४ डॉलरच्या भावाने सुमारे सात कोटी डॉलर उभे राहिले. रक्कम मोठी होतीच. त्याहून मोठं म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकाला आता या कंपनीचे हिशेब त्याच्याच पद्धतीने लिहिलेले वाचता येऊ लागले. वही तिथली झाली, म्हणून काम इकडे आलं.

त्या कामासाठी माणसं घडवायची जागा म्हणून म्हैसूर निवडलं गेलं. हेब्बाळ औद्योगिक वसाहतीला लागून तीनशेहून अधिक एकरांत प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, देशभरातून नुकतीच पदवी घेतलेली मुलं तिथे येऊ लागली. ३१ जुलै २००६ रोजी, कंपनीच्या पंचविशीनिमित्त, नॅसडॅकची सकाळची घंटा या आवारातून वाजवण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये साडेनऊ, म्हैसुरात संध्याकाळचे सात. शहराला अभिमान वाटला, तो रास्तच होता. पण घंटा वाजवणं आणि भाव ठरवणं यांतला फरक त्याच आवाराने पुढे अनुभवला. बारावीनंतर कोणत्या शाखेला जायचं, हे विजापूर-सोलापूरपर्यंतची घरं या कंपन्यांच्या भरतीवरून ठरवतात. भरती किती हे ठरतं अमेरिकन बँका आणि दुकानांच्या खर्चावर, आणि तो खर्च तिकडच्या व्याजदरावर. म्हैसूरच्या वसतिगृहात यंदा किती खाटा भरतील, याचा एक धागा वॉशिंग्टनच्या फेडरल रिझर्व्हपर्यंत जातो.

या सगळ्यात खुद्द बाजाराचाही एक भूगोल आहे, आणि तो आवळत चालला आहे. मुंबईच्या दलालांची संघटना १८७५ची. नंतर शहरोशहरी बाजार निघाले: बंगळूरचा १९६३ला मान्यता मिळालेला, पुण्याचा १९८२चा. १९९४ साली मुंबईहून नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने उपग्रहाद्वारे पडद्यावरचे सौदे सुरू केले. तेव्हा सगळे म्हणाले, आता अंतर संपलं, म्हैसूरचा माणूस मुंबईइतकाच बाजाराजवळ आला. झालं उलटं. पडदा सर्वत्र पोचला आणि बाजार एका ठिकाणी गोळा झाला. बंगळूर, पुण्यासारखे प्रादेशिक बाजार सेबीच्या २०१२च्या नियमांनंतर एकेक करून बंद पडले. आता तर मोठे दलाल बाजाराच्या संगणकाशेजारीच आपला संगणक ठेवण्यासाठी भाडं भरतात, कारण सेकंदाच्या हजाराव्या भागात सौदा जिंकला किंवा हरला जातो. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो यांसारख्या शहरांत जगाचं नियंत्रण कसं एकवटतं, हे सास्किया सासेन यांनी १९९१ साली 'द ग्लोबल सिटी'मध्ये मांडलं होतं. तोच न्याय लहान प्रमाणात मुंबई आणि पुण्यालाही लागू पडतो.

शेवटची गोष्ट ताजी आहे. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचं उद्घाटन १२ मार्च २०२३ रोजी झालं. १८८६ची रेल्वे आठवेल अशीच याची घडी: बांधकामाच्या काळात सरकार खर्चाचा चाळीस टक्के वाटा देतं, उरलेला पैसा ठेकेदार कर्ज काढून उभा करतो आणि सरकार तो पुढे वर्षानुवर्षं हप्त्यांनी फेडतं. प्रवास दीड तासावर आला. पण जुना रस्ता रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर या गावांच्या पोटातून जायचा. नवा त्यांना वळसा घालतो. चन्नपट्टणची लाकडी खेळणी आणि मद्दूरचा वडा थांबणाऱ्या गाड्यांवर जगत होता. मद्दूरच्या एका हॉटेलवाल्याने मला रिकामी टेबलं दाखवत विचारलं, "गाड्या तेवढ्याच आहेत ना? मग आमच्या गेल्या कुठे?" मिरजेच्या फलाटावरच्या हमालालाही गेज बदललं तेव्हा हाच प्रश्न पडला असणार.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना (१९४१) आणि म्हैसूरच्या यादवगिरीतला आयडियल जावा हे दोन्ही विषय इथे ओझरते येतात. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकं व्हायला हवीत. रेशमाचं प्रकरण लहान आहे. आकडेमोड जिथे टाळता आली तिथे टाळली आहे, कारण माझा वाचक अर्थशास्त्राचा विद्यार्थी असेलच असं नाही. त्याने प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत. प्रत्येक प्रकरणात मात्र तीनच प्रश्न विचारले आहेत: पैसा कुणाच्या 'उद्या'वर आला, वही कुणाकडे होती, आणि पैसा गेल्यावर काय उरलं.

मामांना हे लिखाण वाचून दाखवायचं राहून गेलं. हस्तलिखित पुरं होण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या पेटीत एक जुनी खतावणी सापडली, बँकेची नव्हे, घरची. दूध, किराणा, शाळेची फी, आणि एका पानावर बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, शिलाई मशीनसाठी दिलेले पैसे. त्यापुढे व्याजाचा रकाना कोरा होता. मशीन अजून आमच्या घरी आहे आणि चालतं. म्हैसूरच्या दिवाणांनी शिवनसमुद्रला नेमकं काय साधलं होतं, हे मला त्या कोऱ्या रकान्याशेजारी बसून अधिक स्पष्ट कळलं: देणारा आणि वापरणारा एकाच गावचा असला, तर दिलेली वस्तू गाव सोडून जात नाही.

म्हैसूर
विजयादशमी